'बोला अमृत बोला' मध्ये तान घ्यावी का? (आणि त्यानिमित्ताने ज्योत्स्ना भोळे)

सायली_ठाणेकर

धाग्याचं नाव वाचून शास्त्रीय चर्चा असेल असं वाटलं तर सॉरी, विषय घरगुती आहे. माझी भाची, वय 14, नाट्यसंगीत स्पर्धेत उतरतेय. गाणं ठरलंय 'कुलवधू' नाटकातलं 'बोला अमृत बोला'. क्लासच्या बाईंनी तिला दुसऱ्या अंतऱ्यानंतर चांगल्या दोन आवर्तनांच्या ताना (भरभर सुरांच्या माळा) बसवून दिल्यात, शिवाय तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं), कारण म्हणे परीक्षकांना "तयारी" दिसली पाहिजे. परवा ती हॉलमध्ये रियाज करत होती आणि आतून आमची आजी (वय 91, ऐकू कमी येतं पण नको तेव्हा बरोबर येतं) काठी टेकत बाहेर आली आणि म्हणाली, "अगं ती भानुमती आहे, घरात बसून बोलतेय, तू काय कुस्ती खेळतेयस तिच्याशी?"

झालं. भाची रडकुंडीला, वहिनी आजीवर नाराज, आणि मला उगाच किडा चावला की ही भानुमती नक्की कोण आणि ते पद मुळात कसं गायलं गेलं. आजीने 'कुलवधू' लहानपणी गिरगावात बघितलंय. साल विचारलं तर म्हणते "मी परकर सोडून साडी नेसायला लागले होते".

मग चार रात्री जागून जे वाचलं, ऐकलं ते टाकते. ते पद गाणाऱ्या ज्योत्स्ना भोळ्यांचं मूळ नाव दुर्गा केळेकर. जन्म 11 मे 1914, गोव्यात बांदिवडे. लहानपणीच मुंबईला आल्या, गाणं शिकल्या, 1932 मध्ये संगीतकार केशवराव भोळ्यांशी लग्न झालं आणि दुर्गाच्या ज्योत्स्ना झाल्या. पुढच्याच वर्षी 1 जुलै 1933 ला 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आलं, त्यात त्या बिंबा. वय 19! मी 19 व्या वर्षी एटीकेटीचे फॉर्म भरत होते. त्यानंतर 1942 ला नाटककार मो. ग. रंगणेकरांचं 'कुलवधू', त्यातली भानुमती, आणि मग त्या जन्मभर "बोला अमृत बोला वाल्या" झाल्या. मधे आणि नंतर भावगीतं, रेडिओ, मैफली. 5 ऑगस्ट 2001 ला गेल्या.

रेकॉर्ड ऐकली तर मला आजीचंच पटलं. तान आहे की नाही यावर भांडता येईल पण दाखवायला म्हणून काहीच नाहीये, शब्द आधी कानात जातो आणि सूर त्याच्या मागून येतो. तर जाणकारांनो सांगा, पोरीने ताना घ्याव्यात का? स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे.

पायपेटी

घ्याव्यात. स्पष्ट बोलतो, राग मानू नका, पंचवीस वर्षं हार्मोनियमवर नाट्यपदांची साथ करतोय. नाट्यपद हे ख्यालाचं, ठुमरीचंच लेकरू आहे. 'शाकुंतल' 1880 चं, 'सौभद्र' 1882 चं, शंभराहून जास्त पदं असायची एकेकात, लोक रात्रभर बसायचे ते सुभद्रेचं लग्न कुणाशी होतं ते बघायला नाही, ते सगळ्यांना पाठच होतं. गाणं ऐकायला बसायचे. बालगंधर्वांना वन्स मोअरवर वन्स मोअर मिळायचे, तबल्याला अहमदजान थिरकवाँ! तबल्यावर थिरकवाँ बसलेत आणि तुम्ही गद्यात बोलल्यासारखं गाणार होय?

आणि 'कुलवधू'च्या चाली कुणाच्या? मास्टर कृष्णरावांच्या. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीत वाढलेले. त्यांची चाल, त्यातून भैरवी, म्हणजे विस्ताराला आमंत्रणच. आजींना माझा नमस्कार, पण भैरवीला कुस्ती चालते.

गद्यप्रेमी

पायपेटी, तुम्ही बालगंधर्वांच्या काळाच्या चष्म्यातून 1942 बघताय. मधे काय झालं ते सांगतो, जरा लांबेल.

1931 ला 'आलम आरा' आला, 1932 ला 'अयोध्येचा राजा', आणि बोलपटाने कंपन्यांचं कंबरडंच मोडलं. चार आण्यात गाणं पण, गोष्ट पण, आणि तीन तासात घरी. मोठमोठी बिऱ्हाडं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कंपन्या काही वर्षांत बसल्या. अशा वेळी मुंबईत काही शिकलेल्या मंडळींनी 'नाट्यमन्वंतर' ही नाट्यसंस्था काढली. 'आंधळ्यांची शाळा' हे श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावरून केलं, दिग्दर्शन पार्श्वनाथ आळतेकर, पदं अनंत काणेकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. विषय असा की लग्नाआधी मुलीकडून जे शुद्ध चारित्र्य मागता तेच मुलाकडून मागायचं का. 1933 मध्ये! दिवाणखान्याचा सेट, घरातल्यासारखं बोलणं, मोजकी पदं, शिवाय केशवरावांनी पार्श्वसंगीत वापरलं, म्हणजे प्रसंगाखाली वाद्यं वाजतायत, गाणं नाही. तेव्हाच्या नाटकवाल्यांना हे म्हणजे ताटात वरण आहे आणि भात नाही असं वाटलं असणार.

आणि मुख्य म्हणजे बाईचं काम बाईने केलं. ज्योत्स्नाबाईंचं करिअर समजून घ्यायचं तर इथून घ्या. शालू नेसून नांदी म्हणत त्या आल्याच नाहीत. त्या आल्या एका घरातली मुलगी म्हणून. ती मुलगी मनात काहीतरी दाटलं की गाते. 'एकलेपणाची आग लागली हृदया' ऐका आणि सांगा त्यात थिरकवाँ कुठे बसवणार.

मध्यलय

गद्यप्रेमी, सगळं छान पण "बाईचं काम बाईने केलं" हे पहिल्यांदा तिथे झालं असा समज होऊ नये म्हणून दुरुस्ती. त्याआधी निव्वळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या, कमलाबाई गोखले होत्या (1913 ला फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दिसल्या त्याच), आणि 1929 पासून हिराबाई बडोदेकर भावंडांना घेऊन नाटकं करत होत्या. हिराबाई तर तेव्हा गायिका म्हणून नावाजलेल्या, त्यांना नाटकात उभं राहायची गरजही नव्हती. नाट्यमन्वंतरचं नवेपण म्हणजे असं की सुशिक्षित घरातले स्त्री-पुरुष एकाच रंगमंचावर, आणि नाटक पुराणातलं नाही, कालपरवाचं.

गद्यप्रेमी

मान्य. घाईत टंकलं.

फोंड्याचो

बांदिवड्याचं नाव वाचून लॉगिन केलं, दोन वर्षं नुसता वाचक होतो :) आम्ही बांदोडा म्हणतो. महालक्ष्मीचं देऊळ, नागेशी, थोडं पुढे रामनाथी. आमचा फोंडा तालुका म्हणजे काय ते बघा, दीनानाथ मंगेशीचे, अभिषेकीबुवा मंगेशीचे, केसरबाई केरीच्या आणि ह्या बांदिवड्याच्या. सगळं एका दुपारी स्कूटरवर फिरून होतं, मधे चहा धरून. देवळांच्या आसऱ्याने गाणं वाढलं पण ज्यांनी ते वाढवलं त्या बायकांना मान मिळवायला घाट उतरून मुंबईला जावं लागलं हे पण खरं, ते आम्ही लोक सत्काराच्या भाषणात बोलत नाही.

तानेचं मला कळत नाही. पण ज्योत्स्नाबाईंच्या उच्चारात मला आमच्याकडचा गोडवा ऐकू येतो, 'अमृत' म्हणताना बघा. माझी बायको पुण्याची, तिला असलं काही ऐकू येत नाही म्हणे.

खट्याळ_काका

पुण्याच्या बायकांना गोडवा ऐकू येत नाही यात नवल ते काय. (पळतो)

सायली_ठाणेकर

काका, धाग्याला फाटे नकोत. आणि माझी आई पुण्याचीच आहे.

गद्यप्रेमी, खूप छान माहिती. पण मला प्रश्न पडला तो मधल्या काळाचा. 1933 ला एवढं गाजलं आणि 'कुलवधू' 1942, म्हणजे नऊ वर्षं! नाट्यमन्वंतर काही वर्षांत बंदच पडली. मग या गायिकेने करायचं काय? घर, संसार, मुलं, रेडिओ, ग्रामोफोन. केशवराव तिकडे प्रभात फिल्म कंपनीत, 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू' करतायत. आपण करिअर म्हणतो तेव्हा एक चढती रेघ डोळ्यासमोर येते, इथे तर मोठा रिकामा मधला भाग आहे आणि तरी त्या परत येऊन नायिका झाल्या, 28 व्या वर्षी. आत्ता माझ्या ऑफिसात बाळंतपणाची रजा संपवून आलेल्या मुलीला आधीचं प्रोजेक्ट परत मिळत नाही.

मध्यलय

मधला भाग रिकामा नव्हता हो, फक्त नाटकाचा नव्हता. तेव्हाच तर भावगीत आकाराला येत होतं. 'आला खुशीत समिंदर' ऐकलंय का? चाल केशवरावांची. ते गाणं ऐकताना मला कायम वाटतं की 'कुलवधू' ची तयारी तिथे झाली. नाटकात एक बैठक जिंकायची असते, माइकसमोर एकाच माणसाच्या कानात गायचं असतं. केशवराव स्वतः 'एकलव्य' आणि 'शुद्ध सारंग' या टोपणनावांनी गवयांवर लिहायचे, कुठे सूर आहे आणि कुठे नुसता आव आहे ते नेमकं पकडायचे. असा समीक्षक घरात चहा पितोय म्हटल्यावर बाईंनी एक तरी फुकटची तान घेतली असेल का! (हा माझा अंदाज, पुरावा मागू नये.)

आता सायली तुमच्या मूळ प्रश्नावर. तुम्ही म्हणताय रेकॉर्डमध्ये दाखवायला ताना नाहीत. पण ती 78 ची तबकडी आहे, एका बाजूला जेमतेम तीन सव्वातीन मिनिटं. बालगंधर्वांचं पद पण त्या तीन मिनिटांत कोंबलेलंच मिळतं, म्हणून बालगंधर्व तीनच मिनिटं गायचे का? तेव्हा रेकॉर्डवरून "प्रयोगात असं गायल्या" हे ठरवता येत नाही. पायपेटींच्या बाजूने हा मुद्दा जातो, मला स्वतःला आवडत नसला तरी.

पायपेटी

धन्यवाद मध्यलय, उशिरा का होईना न्याय मिळाला.

गद्यप्रेमी

थांबा, एवढ्यात पेढे वाटू नका. तबकडीवरून प्रयोग कळत नाही हे बरोबर, पण नाटकाच्या घडणीवरून कळतं की. रंगणेकरांची नाट्यनिकेतन ही संस्था 1941 ची, पहिलं नाटक 'आशीर्वाद', मग 'कुलवधू'. यांचं गणितच वेगळं. मध्यमवर्गीय घर, आजची भाषा, तीनएक तासांत नाटक संपलं पाहिजे कारण सकाळी प्रेक्षकाला लोकल पकडायचीय. 1942 म्हणजे युद्ध चालू, मुंबईत ब्लॅकआउट, चले जाव. अशात रात्रभर कोण थांबणार. पदं हाताच्या बोटांवर मोजावी एवढी आणि प्रत्येक पदाला प्रसंगात जागा.

भानुमती ही सिनेमातली नटी आहे. बायकोचं नाव नवऱ्यापेक्षा मोठं होतं आणि त्याला ते सोसत नाही, शेवटी ती घर सोडते. इब्सेनच्या नोराशी तुलना तेव्हापासून होतेय. आता बघा, गाणारी नायिका आणि नायिकेचं दुखणं हेच की ती कलावंत आहे. म्हणजे तिचं गाणं हाच तर भांडणाचा विषय. ते पद मैफलीसारखं पंधरा मिनिटं चाललं तर नवऱ्याची बाजू प्रेक्षकाला पटायला लागेल :D

खट्याळ_काका

हसून हसून पुरेवाट. शेवटच्या वाक्याला +1.

पर्वतीवाली

आमच्याकडे टिळक रोडला हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे, तिथे मी नाटकं बघायला जाते, आणि खरं सांगते कित्येक वर्षं मला वाटायचं की या कुणी देणगीदार असाव्यात. हे वाचून लाज वाटली. तिथे बहुतेक प्रायोगिक नाटकं होतात, म्हणजे नाट्यमन्वंतरवाल्यांना चालली असती अशी.

पण इथे सगळे असं बोलतायत जणू ज्योत्स्नाबाईंचा रस्ता तेवढा पुढे जाणारा आणि बाकीचे जुन्याला चिकटलेले. मी शिलेदारांचे प्रयोग बघत वाढलेय म्हणून लिहिते. जयमालाबाईंनी आणि जयरामबापूंनी 1949 ला 'मराठी रंगभूमी' ही नाटक कंपनी काढली, म्हणजे ज्या काळात सगळे म्हणत होते की संगीत नाटक संपलं तेव्हा. जयमालाबाईंना प्रत्यक्ष बालगंधर्वांबरोबर काम करायला मिळालं होतं, ती गायकी त्यांनी हातातून सांडू दिली नाही. मग मुली. कीर्तीताई तर पूर्ण आयुष्य त्यातच. गाडी, पेटारे, पडदे, दौरे, कधी हाऊसफुल्ल तर कधी पहिल्या चार रांगा. जयमालाबाईंना पद्मश्री मिळाली 2013 ला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या. कीर्तीताई 2018 ला मुलुंडच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या आणि जानेवारी 2022 ला त्याही गेल्या. मी कीर्तीताईंना 'स्वरसम्राज्ञी' मध्ये पाहिलंय. एका पदाला इतके वन्स मोअर झाले की मागची आजोबामंडळी उठून उभी राहिली, आणि त्या प्रत्येक वेळी नवीन काहीतरी गायल्या. त्याला कुणी कुस्ती म्हणून दाखवावं!

तेव्हा कमी गाणं म्हणजे अभिनय आणि जास्त गाणं म्हणजे मिरवणं, असं काही नसतं हो.

मध्यलय

पर्वतीवाली, अगदी. आणि तिसरा रस्ता पण आहे, गायिका-अभिनेत्री फैय्याज. सोलापूरच्या. 1967 च्या 'कट्यार काळजात घुसली' मधली झरीना, अभिषेकींचं संगीत, समोर वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून. गाण्याचंच नाटक असल्यामुळे तिथे तयारी दाखवणं हाच अभिनय. आणि त्याच बाई 'वीज म्हणाली धरतीला' मध्ये 'चार होत्या पक्षिणी त्या' गातात तेव्हा कुठलीही करामत नाही, नुसता काळोख. 2015 च्या बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे नाटक काय मागतंय ते कळलं की मग तान घ्यावी की नाही हा प्रश्न उरतच नाही.

एडिसनची_मावशी

रात्री दीड वाजता हा धागा वाचतेय, उद्या ऑफिस आहे. इकडे कुणी 'माझिया माहेरा जा रे पाखरा' चा उल्लेख केला नाही म्हणून लिहितेय. शब्द राजा बढे, चाल पुलंची, आवाज ज्योत्स्नाबाईंचा. मी 1994 ला लग्न करून इकडे अमेरिकेत आले तेव्हा कॅसेट होती, फोनचं बिल मिनिटाला एवढं यायचं की आईशी रविवारी दहा मिनिटं बोलायचं आणि मग हे गाणं लावायचं. आता रोज व्हिडिओ कॉल होतो आणि आई नाही. मंडळाच्या गणपतीत मी दर वर्षी तेच म्हणते, लोक कंटाळलेत, पण कुणी बोलत नाही तोंडावर.

त्यात तान घ्यावी का असं कधी मनातच आलं नाही. पण मी काय, बाथरूम गायिका.

नवाकोरा_99

तीन तास नाटक आणि त्यात गाणी, आता कोण बघतं? रील करा तीस सेकंदाचं, पोरीला व्ह्यूज तरी येतील.

पायपेटी

नवाकोरा, तबकडी आली तेव्हाही लोक हेच म्हणाले असणार, तीन मिनिटांत गाणं कसं बसणार. बसवलं की त्या लोकांनी. तुम्ही तीस सेकंदात भैरवी बसवून दाखवा, मी पेटी घेऊन येतो, मानधन नको.

बाकी सायली, मी जरा विचार केला. (होतं असं कधीकधी.) काल पेटीवर ते पद एकटाच वाजवत बसलो होतो, नुसता मुखडा, दहाबारा वेळा. कृष्णरावांनी त्यात छोट्या छोट्या हरकती चालीतच शिवून ठेवल्यात, त्या नीट आल्या तर पोरीची तयारी कानाला कळतेच. वरून दोन आवर्तनांची तान लावली तर ती शिवण उसवते. तेव्हा माझा सल्ला थोडा बदलतो, एकच लहानशी तान, मुखड्याला परत येताना, आणि तिहाई नको, तिहाई कथकवाल्यांना ठेवू दे. काळी चारच्या पट्टीत गात असेल तर खाली काळी दोनला आणा, 14 व्या वर्षी आवाज ताणू नये. आणि परीक्षकांचं म्हणाल तर परीक्षक म्हणून मीपण बसतो अधूनमधून, आम्ही तिसऱ्या स्पर्धकानंतर चहाची वाट बघत असतो, तेव्हा शब्द ऐकू आला तरी उपकार वाटतात.

गद्यप्रेमी

पायपेटींनी मत बदललं! ह्या साइटच्या इतिहासात पहिल्यांदाच. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

मुलीला एक सांगा, ज्योत्स्नाबाईंचं 'तुमची ज्योत्स्ना भोळे' हे आत्मकथन मिळालं तर वाचायला द्या. आणि 'क्षण आला भाग्याचा' पण ऐकवा, त्याच नाटकातलं. दोन्ही एकापाठोपाठ ऐकली की भानुमती डोळ्यासमोर उभी राहते.

सायली_ठाणेकर

अपडेट. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं म्हणून.

क्लासच्या बाई आधी नाराज झाल्या, मग "तुमचं तुम्ही बघा" वर आल्या. भाचीने काळी दोनला गायलं, पायपेटींची एक तान ठेवली, आणि गाण्याआधी तिने स्वतःहून एक गोष्ट केली जी मी सांगितली नव्हती, दोन वाक्यं बोलली, नाटकातली नाहीत, आपलीच, की मी भानुमती आहे आणि घरात आज चांगला दिवस आहे. मग पेटी सुरू झाली. मला हुंदका आला, वहिनीला आला, पेटीवाल्या काकांनी मान डोलावली. बक्षीस नाही मिळालं. पहिला नंबर एका मुलाचा आला, त्याने 'कट्यार' मधलं पद अक्षरशः फोडून काढलं आणि तो त्या नंबराच्या लायकच होता. हिला एका परीक्षकांनी नंतर बोलावून विचारलं की हे तुला असं गायला कुणी शिकवलं, तर म्हणाली आजीच्या काठीने.

आजीला घरी येऊन मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, आवाज फुल, दोनदा बघितला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघतोय. तर म्हणाली, "बरं म्हटलंन. पण पदर सारखा घसरत होता, पिन लावायला कुणाला सुचलं नाही का?"

पर्वतीवाली

आजींना साष्टांग. पिनेचा मुद्दा एकदम योग्य आहे, शिलेदारांकडे हे कधी झालं नसतं.